आजार तोच, बिल तेच. भार मात्र वेगळा

वसई पूर्वेला वालीव-सातिवली भागात अनेक लहानमोठे कारखाने आहेत. समजा, तिथल्या एका गाळ्याच्या मालकाची मिळकत महिना दीड लाख आणि कामगाराचा पगार पंधरा हजार. एकाच पावसाळ्यात दोघांना डेंगी झाला आणि खासगी रुग्णालयात प्रत्येकी तीस हजार खर्च आला. मालकाची सहा दिवसांची कमाई गेली, कामगाराची दोन महिन्यांची. शिवाय कामगाराचे खाडे झाले ते वेगळेच.

घराच्या वार्षिक खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारांवर खिशातून गेली, तर तो 'आपत्तीजनक खर्च', असा जगभर वापरला जाणारा एक निकष आहे. या उदाहरणात कामगाराचे जवळपास १७ टक्के उत्पन्न गेले, मालकाचे दोन टक्केही नाही.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. पण सरासरीत एक गोष्ट दडते. पैसे नाहीत म्हणून ज्याने औषधच घेतले नाही, त्याचा खर्च शून्य दिसतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून रक्तदाबाची गोळी बंद होते आणि पुढे अर्धांगवायू झाला की कर्ज काढावे लागते. कमावता माणूस घरी बसतो, तेव्हा मुलांची शाळाही धोक्यात येते.

हे टाळण्यासाठी काही गोष्टी हाताशी आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वसईत सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्यात तुळिंज ही पालिकेची रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावे.

रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र या योजनेत बसत नाही. त्या सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा जनऔषधी दुकानातून घ्याव्यात. परवडत नसेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. बहुतेक वेळा स्वस्त पर्याय असतो. मनाने गोळी बंद करणे, हीच सर्वांत महाग बचत ठरते.