पगारी रजा आणि तिसरी घंटा

मागच्या महिन्यात माझ्या मोठ्या काकूला चारधामला पाठवलं. मालिकेत मी करत होते त्या काकूला. ती परत कधी येणार, हे प्रॉडक्शनमधून कुणी कळवलं नाही. कॉस्च्युम बघणाऱ्या मुलीचा फोन आला, "ताई, तुमच्या ब्लाउजांचं काय करू? ठेवू की पाठवून देऊ?" तेव्हा उलगडा झाला. पाठोपाठ त्या घरात एक आत्या अवतरली. तिचे इन्स्टाग्रामवर लाखांत फॉलोअर्स आहेत म्हणे. माझे म्हणाल तर भाचे, सोसायटीतल्या बायका आणि एक साडीवाला.

वाहिनीचं नाव लिहीत नाही. तीन महिन्यांचे पैसे अजून यायचेत.

पैशांसाठी असं गप्प बसायची वेळ पूर्वी नव्हती. आमच्या पिढीतल्या नटांच्या मुलाखती वाचल्या की वाटतं, सगळे वडापाव खाऊन आणि लोकलच्या दारात लोंबकळूनच मोठे झाले. खरी गोष्ट जरा बेचव आहे. आमच्यातल्या बहुतेकांना नोकरी होती. आमच्या आधीच्या पिढीतही तेच: डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. मोठ्या नावांच्या मागे पोस्ट, एलआयसी, महापालिका आणि बँकांतली आमच्यासारखी शेकडो माणसं होती. मराठी नाटकाला सरकारी अनुदानापेक्षा या पगारी रजांनी जास्त पोसलं, असं माझं मत आहे. ते कुठल्या परिसंवादात मांडायला अजून कुणी बोलावलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल मी काही सांगणार नाही. छबिलदासच्या प्रायोगिक नाटकांवर ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलंय, आणि माझ्या त्या काळातल्या भूमिका म्हणजे चहाचा ट्रे आत आणणं आणि रिकामा ट्रे बाहेर नेणं. माझं दशक सुरू होतं १९९१च्या आसपास. त्या वर्षी 'चारचौघी' आलं. प्रशांत दळवींनी लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं. चार बायका रंगमंचावर उभ्या राहून आपापलं म्हणणं मांडतात आणि थिएटर भरतं, हे बघून आम्ही मैत्रिणी शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ वाद घालत बसलो होतो. दोनेक वर्षांनी 'ऑल द बेस्ट' आलं. एकांकिकेतून वाढलेलं नाटक, आणि त्यातून भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही कुणाला माहीत नसलेली पोरं घराघरांत पोचली. स्पर्धेतून थेट व्यावसायिक रंगभूमीवर जाता येतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसत होतं.

माझी बँक फोर्टात. साडेपाचला काउंटरची चावी देऊन दादर गाठायचं आणि एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. आंतरबँक एकांकिका स्पर्धेसाठी रजा मिळायची, व्यावसायिक नाटकासाठी मॅनेजरची मर्जी सांभाळावी लागायची. आमचे मॅनेजर नाटकवेडे होते. दिवाळीचे दोन पास दिले की सांगलीचा दौरा मंजूर. रात्री प्रयोग संपवून बसमध्ये झोपायचं आणि सकाळी दादरला उतरून तोंड धुऊन कामावर. हे सांगताना रम्य वाटतं, पण नव्हतं. कित्येक नाट्यगृहांत बायकांच्या मेकअप रूमला आतून कडी नसायची. एकीने कपडे बदलायचे, दुसरीने पाठ लावून दार धरायचं. स्वच्छतागृहात पाणी नसायचं म्हणून दौऱ्यावर आम्ही दुपारनंतर पाणीच पीत नसू. आता ठिकठिकाणी वातानुकूलन आलं. स्वच्छतागृहांची बातमी मात्र दर दोन वर्षांनी त्याच मथळ्याने छापून येते.

पाकिटाचंही तसंच. प्रयोग संपला की नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं पाकीट हातात, हा रिवाज. एक निर्माता होता, बुकिंग पडलं की दरवेळी म्हणायचा, "ताई, तुम्ही काय, पगारदार! पुढच्या प्रयोगाला एकदम घ्या." ते पुढचे प्रयोग लागायच्या आधी नाटक बंद पडलं. तो आता रंगभूमीच्या सेवेबद्दल सत्कार स्वीकारत फिरतो.

तरीही जे मिळालं ते दुसरीकडे मिळालं नसतं. एका नाटकात माझं एक वाक्य होतं, साधंच, नवऱ्याला चहा देतानाचं. त्यावर हशा यायचा आणि लगेच विझायचा. सोबतच्या ज्येष्ठ नटाने चार प्रयोग बघितलं आणि विंगेत हळूच सांगितलं, "तू कप फार लवकर ठेवतेस. बशीचा आवाज झाला की लोकांना वाटतं, पुढे काहीतरी आहे. ते गप्प होतात. हसून होईपर्यंत कप हातात धर." पुढच्या रविवारी चारच्या प्रयोगाला धरला. हशा बाल्कनीतून सुरू झाला, खाली आला, पुन्हा वर गेला. कप हातात, अंगावर काटा. पुढे कळलं की पुण्यात बालगंधर्वला तोच कप किंचित जास्त वेळ धरावा लागतो. ही अक्कल शंभर प्रयोगांनंतर येते. मोबाइल खिडकीला टेकवून स्वतःची ऑडिशन स्वतःच शूट करणाऱ्या पोरींना ती कुठून यावी? समोर हसायलाच कुणी नसतं.

१९९७ला दूरदर्शनवर 'दामिनी' मालिका आली, १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी, मग ई टीव्ही. 'आभाळमाया'च्या वेळेला आमच्या प्रयोगाचं बुकिंग पडायचं. तेव्हा जे ज्येष्ठ व्यासपीठावरून मालिकांना गिरणी म्हणत होते, ते दोन वर्षांत कुणाचे ना कुणाचे आजोबा होऊन सोफ्यावर बसलेले दिसले. आणि नेमक्या त्याच सुमारास, २०००-०१मध्ये, सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. लाखभर माणसं बाहेर पडली. त्यांत नाटकवाले किती, हे कुणी मोजलं नाही. आमच्या शाखेतून आम्ही तिघं. मालिका आल्या आणि बँकांतली माणसं बाहेर पडली, या दोन गोष्टी एकत्र घडल्या, हे आपल्या नाट्येतिहासात कुठे वाचल्याचं आठवत नाही.

मला नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप नाही. फ्लॅटचे हप्ते मालिकांनीच फेडले. पण नोकरी होती तोवर मला 'हे काम मी करणार नाही' म्हणता येत होतं, आणि मी ते म्हणतही होते. त्या पाकीट बुडवणाऱ्यालाही तोंडावर सुनावलं होतं. नंतर तेरा-तेरा तास मढ आयलंडला सेटवर बसून, नव्वद दिवसांनी येणाऱ्या चेकची वाट बघताना, तोंडात 'हो सर'शिवाय शब्द उरला नाही. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांवर भाग चालली. आम्हीही चाललो. त्या वर्षांतली कुठली काकू कुठल्या मालिकेतली, हे आता मलाही सांगता येणार नाही.

२०२२मध्ये 'चारचौघी' पुन्हा आलं आणि गाजलं. आनंद झालाच. पण एकतीस वर्षांनंतरही चार चांगल्या नट्यांना पुरेल असं नाटक शोधायला १९९१मध्येच जावं लागतं, याचा राग कुणाला आलेला दिसला नाही.

डोंबिवलीची एक मुलगी एकांकिकांमधून उत्तम काम करते. आयटीत आहे. नोकरी सोडू का, विचारायला आली होती. मी म्हटलं, अजिबात नाही. कंपनी दोन दिवस घरून काम करू देते ना, त्या संध्याकाळी तालमी लावायला सांग. तिने दिग्दर्शकाला विचारलं. नेमके तेच दोन दिवस त्याला ऑफिसला जावं लागतं.