निक ड्रेकची पाच मात्रांची नदी

१९६८ साल. लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत एका नव्या गायकाच्या गाण्यांसाठी तंतुवाद्यांचं संयोजन करून घेतलं होतं. संयोजक रिचर्ड ह्युसन हा बीटल्सच्या ॲपल कंपनीसाठी काम केलेला जाणता माणूस. गायक निक ड्रेक जेमतेम विशीचा, केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकणारा आणि कमालीचा अबोल. तरीही त्यानं हे संयोजन नको म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं एवढंच, की माझा केंब्रिजमधला एक मित्र हे काम करेल. त्या मित्राला, रॉबर्ट कर्बीला, स्टुडिओतल्या कामाचा काडीचाही अनुभव नव्हता. निर्माता जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड यांनी धोका पत्करला. त्यातून १९६९मध्ये आयलंड कंपनीनं काढलेला ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ हा दहा गाण्यांचा अल्बम घडला.

आज गिटार घेऊन एकट्यानं उदास गाणी रचणाऱ्या कुठल्याही इंडी गायकाची वंशावळ काढा, निक ड्रेकचं नाव येतंच. पण त्याच्याविषयी लिहिताना बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात. नैराश्यावरच्या गोळ्यांच्या अतिमात्रेनं २५ नोव्हेंबर १९७४ रोजी तो गेला, तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता. मग पहिल्याच अल्बममध्ये त्या मरणाच्या खुणा शोधल्या जातात. अल्बमचं नावच घ्या. सिगारेट वळायच्या रिझला कागदांच्या पाकिटात, कागद संपत आले की ‘पाचच उरले’ अशी सूचना देणारा एक कागद असे. नाव तिथून आलं. पण तो पाच वर्षांनी गेला, म्हणून लोकांना त्यात भाकीत दिसू लागलं. ‘फ्रूट ट्री’ या गाण्यात कीर्ती माणसाच्या मरणानंतरच बहरते असा विचार आहे, त्यामुळे या समजाला आणखी बळ मिळालं. मला हे वाचन अन्यायाचं वाटतं. त्यात त्या विशीतल्या मुलाची मेहनत दिसेनाशी होते.

‘रिव्हर मॅन’ ऐका. पाश्चात्त्य गाणी बहुधा चार किंवा तीन मात्रांची, हे पाच मात्रांचं. आपल्या झपतालाचं बरोबर अर्धं आवर्तन. हातावर मोजत ऐकलं तर लक्षात येतं, की गिटार मोजणीतून तसूभरही ढळत नाही, गळा मात्र त्या मोजणीवरून सैल वाहतो. ओळ मागे रेंगाळते, तरी गिटारवरची बोटं तिच्यासाठी थांबत नाहीत. दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत आणि तो ती एकाच वेळी करतोय. सुरुवातीला फक्त गिटार आणि गळा, मग तंतुवाद्यांचा ताफा येतो. हे एक संयोजन आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं कर्बीलाच वाटलं, म्हणून ते भयपटांना संगीत देणाऱ्या हॅरी रॉबिन्सनकडे गेलं. ‘वे टू ब्लू’मध्ये तर निकनं गिटार बाजूलाच ठेवली. तिथं केवळ आवाज आणि कर्बीची तंतुवाद्यं आहेत. ‘चेलो साँग’मध्ये निकचं गुणगुणणं चेलोच्या सुरात मिसळून जातं. त्यामागे कोंगा वाजतो, तो घानाच्या रॉकी झिझोर्नूचा. रोलिंग स्टोन्सच्या ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’मध्येही कोंगा त्याचाच आहे.

निक गिटारच्या तारा वेगवेगळ्या गाण्यांसाठी वेगवेगळ्या सुरांत लावायचा. मोकळ्या तारेचा खर्ज गाण्याखाली सतत घुमत राहतो, तो त्यामुळे. रंगमंचावर मात्र याच गोष्टीनं घात केला. दोन गाण्यांच्या मधे तारा जुळवण्यात वेळ जाई, तोंडानं एक शब्द नाही, आणि श्रोते आपसात बोलू लागत. त्यानं कार्यक्रम करणंच जवळपास सोडून दिलं. त्या काळी रेकॉर्ड खपायची ती कार्यक्रमांच्या जोरावर. अल्बमच्या पाच हजार प्रतीही सुरुवातीला गेल्या नाहीत.

या गाण्यांतली उदासी आली कुठून? त्याच्या आजाराकडे बोट दाखवण्याआधी त्याचं घर पाहावं. निकचा जन्म १९४८मध्ये रंगूनचा. वडील रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनीअर होते. सागवानाच्या व्यापारातली ही कंपनी १८६३मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि आज वाडिया समूहात आहे. पुढे हे कुटुंब इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी स्थायिक झालं. आई मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी रचून गायची. रॉडनींनी ती घरच्या घरी टेप करून ठेवली होती, ती जगापुढे आली थेट एकविसाव्या शतकात. ऐकली की चकित व्हायला होतं. अनपेक्षित स्वरावर वळणारी चाल, आवाज न चढवता सांगितलेलं दुःख, सगळं तिथं आहे. मुलाला हा वारसा आजारातून मिळालेला नाही, आईच्या पियानोजवळ मिळाला आहे.

‘द मेकिंग ऑफ फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ हा संच २०२५मध्ये निघाला. त्यात याच गाण्यांची आधीची रूपं आहेत. गाणं करून पाहणं, मोडणं, पुन्हा मांडणं हे सगळं त्यात ऐकू येतं. ज्यांना निक ड्रेक म्हणजे फक्त एक शोकांतिका वाटते, त्यांनी हा संच जरूर ऐकावा. पण त्याआधी मूळ अल्बम ऐका. बेचाळीस मिनिटांचा आहे. गाण्यांचा क्रम बदलू नका, मधे थांबू नका, आणि १९७४मध्ये काय झालं ते तेवढ्यापुरतं विसरा.