एकच पासवर्ड, अनेक विद्यापीठं

गिरीजहून पवईच्या आयआयटीत गेलेल्या मुलाने लॅपटॉप तिथल्या ‘एज्युरोम’ वायफायला एकदा नीट जोडला, की तोच पासवर्ड परदेशातल्या सदस्य विद्यापीठांतही चालतो. २००२मध्ये नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांनी ही कल्पना मांडली. भारतात हे जाळं ‘अर्नेट इंडिया’ सांभाळते. युजरनेम मात्र ‘ॲट’च्या खुणेपुढच्या संस्थेच्या नावासकट लिहायचं. त्यावरूनच विनंती मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे जाते आणि पासवर्डची खातरजमा तिथेच होते.

खरी जोखीम पुढे आहे. पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप सर्व्हरचं प्रमाणपत्र मान्य आहे का, असं विचारतो. न वाचता ‘कनेक्ट’ दाबलं, तर त्याच नावाचं बनावट वायफाय पासवर्ड पळवू शकतं. प्रमाणपत्रावरचं नाव संगणक केंद्राच्या सूचनेशी ताडून पाहा, मगच पुढे जा.