आठवड्यांच्या टप्प्यांनी: ‘स्प्रिंट’ पद्धतीचा परिचय

रुग्णालयाच्या संगणकीकरणाविषयी चर्चा होताना ‘स्प्रिंट’ हा शब्द वारंवार कानी येतो. देणग्यांतून होणाऱ्या अशा कामाची रीत देणगीदारांना व रुग्णांच्या नातेवाइकांनाही ज्ञात असावी, यासाठी हा अल्प परिचय.

स्प्रिंट म्हणजे कमी अंतराची वेगवान धाव. केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘स्क्रम’ कार्यपद्धतीत मात्र तो जास्तीत जास्त एक महिन्याचा निश्चित कालावधी असतो. प्रारंभी गट एक मर्यादित उद्दिष्ट ठरवतो. दररोज पंधरा मिनिटांच्या बैठकीत प्रगती व अडचणींचा आढावा घेतला जातो. अखेरीस तयार झालेला भाग वापरणाऱ्यांपुढे ठेवून त्यांचे अभिप्राय घेतले जातात व गट स्वतःच्या कार्यपद्धतीचेही परीक्षण करतो. मुदत वाढवली जात नाही. उरलेले काम पुन्हा यादीत जाते.

यामागील विचार वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. डॉक्टर औषध देऊन रुग्णास आठ दिवसांनी पुन्हा बोलावतात आणि गुण पाहून मात्रा बदलतात. वर्षभराचे औषध एकदम देऊन ते निश्चिंत होत नाहीत.

अमेरिकेतील एफबीआय या तपासयंत्रणेने सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून उभारलेली प्रकरण-नोंदणीची प्रणाली २००५ मध्ये पूर्णत्वास न जाताच सोडून दिली. तिच्या जागी घेतलेले ‘सेंटिनेल’चे कामही रेंगाळले. २०१० मध्ये ते यंत्रणेने स्वतःकडे घेऊन दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये विभागले. २०१२ मध्ये प्रणाली कार्यान्वित झाली.

रुग्णालयात प्रथम केवळ केसपेपरची नोंदणी घेता येईल. खिडकीवरील कर्मचाऱ्यास ती गैरसोयीची वाटली, तर दोष दोन आठवड्यांतच कळेल व रांगेतील नातेवाइकांचा खोळंबा टळेल. औषधांची मात्रा वा रक्तगट यांच्या नोंदींबाबत मात्र घाई नको. पूर्ण चाचणीवाचून असा कोणताही भाग रुग्णसेवेत आणू नये.

स्प्रिंटमुळे यशाची हमी मिळत नाही. परंतु चूक लहान असतानाच दिसते आणि पुढील खर्चाचा निर्णय विश्वस्तांना प्रत्यक्ष काम पाहून घेता येतो. दात्यांनी विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग करताना हे भान मोलाचे आहे.