नाणं नवं, थाप जुनी

पैसे बुडवून घेण्यासाठी खान्देशाला ब्लॉकचेनची गरज कधीच पडली नाही. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत, म्हणजे आपल्या ‘बीएचआर’मध्ये, ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली ती साध्या कागदी पावतीवर. २०१५ मध्ये संस्थापकाला अटक झाली, मग अवसायक आला, आणि २०२१ मध्ये त्या अवसायकालाही अटक झाली. एवढं पाहिलेल्या जिल्ह्यात आज कुणी “काय भो, अजून एफडीतच?” म्हणत मोबाइलवरचा हिरवा आलेख दाखवतो, आणि ऐकणारा पुन्हा मान डोलावतो. कारण यावेळी गोष्ट ‘टेक्नॉलॉजी’ची असते.

पहिला समज हाच : ब्लॉकचेनवर आहे म्हणजे फसवणूक होऊच शकत नाही. ब्लॉकचेन म्हणजे एकाच हिशेबवहीची प्रत गावातल्या घराघरांत ठेवावी, तशी नोंद. एका घरात खाडाखोड केली तरी बाकीच्या प्रती ती उघडी पाडतात. पण वहीत मुळात काय लिहिलं, ते खरं की खोटं, हे वही तपासत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम झाला. उपयोग चांगलाच आहे, दाखल्यात कुणी नंतर फेरफार केला तर तो कळतो. मात्र चुकीचा दाखला दिला गेला, तर ब्लॉकचेन तो चुकीचा दाखलाच इमानेइतबारे जपून ठेवणार. आणि बऱ्याच स्कीममध्ये तर वहीसुद्धा नसते. ॲपवर वाढताना दिसणारा आकडा हा फक्त आकडा असतो. तो टाइप करायला कॉम्प्युटर येणारा एक माणूस पुरतो.

“मायनिंगमधून दरमहा ठरलेले पैसे मिळतात” ही थाप जरा सविस्तर पाहावी, कारण तिनं महाराष्ट्रालाच मोठा चटका दिलाय. अमित भारद्वाजच्या ‘गेनबिटकॉइन’नं २०१५ पासून सांगितलं : बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. म्हणजे एकाचे १.८ बिटकॉइन. आता मायनिंगचं, म्हणजे संगणक चालवून त्या वहीत नवी पानं जोडण्याचं, खरं गणित असं, की बक्षीस कुणाला मिळेल ते स्पर्धेवर ठरतं, स्पर्धक वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो, आणि बक्षीस साधारण दर चार वर्षांनी निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते एका ब्लॉकमागे, म्हणजे वहीच्या एका पानामागे, ३.१२५ बिटकॉइन आहे. अशा धंद्यात १८ महिन्यांचा हप्ता आधीच ठरवून देणं म्हणजे पावसाळ्याआधीच कापसाचं उत्पन्न आणि भाव दोन्ही लिहून देणं. पुढे व्हायचं तेच झालं. बिटकॉइन संपले तेव्हा लोकांच्या हातात ‘एमकॅप’ नावाचं कंपनीचंच नाणं ठेवण्यात आलं. बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली, २०२२ मध्ये तो वारला, तपास आता सीबीआयकडे आहे.

“पण मला पहिले हप्ते मिळाले की!” मिळणारच. पहिल्यांना मागून आलेल्यांच्या पैशातून देतात, नाहीतर मागचे येतील कशाला? सुरतेशी नाव जोडलेल्या ‘बिटकनेक्ट’नं दिवसाला सरासरी एक टक्का परतावा दाखवला होता. चक्रवाढीनं हिशेब करा : एक लाखाचे वर्षात जवळजवळ ३८ लाख, तीन वर्षांत ५०० कोटींच्या वर. हे खरं असतं तर धुळ्यातल्या एका बचत गटानं दहा वर्षांत अख्खा देश विकत घेतला असता. जानेवारी २०१८ मध्ये तो सगळा खेळ आटोपला. सुरतेचा महामार्ग धुळ्या-जळगावातूनच जातो. माल येतो तशा स्कीमाही येतात.

“अडाणी माणसंच फसतात” हा समज मला सगळ्यात जास्त करमणूक करणारा वाटतो. यातलं सगळं कळणाऱ्यांनाही मोह सुटत नाही. गेनबिटकॉइनच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबरतज्ज्ञांना पोलिसांनीच मार्च २०२२ मध्ये पकडलं. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप : आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो स्वतःकडे वळवली.

“सरकार कर घेतं, म्हणजे मान्यता आहे.” बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नये, असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये रद्द केलं, आणि क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. लॉटरीच्या बक्षिसावरही सरकार तीस टक्केच घेतं. त्यावरून लॉटरी ही बचत योजना ठरत नाही.

“बिटकॉइन सोन्यासारखं दुर्मीळ आहे” यात अर्धं सत्य आहे. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे निघणार नाहीत. पण ती मर्यादा बिटकॉइनची. एजंटाच्या ‘नव्या कॉइन’ची नाही. डोजकॉइन तर २०१३ मध्ये दोघांनी चक्क थट्टा म्हणून काढलं होतं, वर्षाला आजही पाच अब्ज नवी नाणी निघतात. आणि सोनं निदान सराफाकडे कसोटीवर घासून बघता येतं.

मोठ्या एक्स्चेंजवर ठेवलं तरी निर्धास्त होऊ नये. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या ‘वझीरएक्स’मधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. बँक ठेवीला असतं तसं पाच लाखांचं विमासंरक्षण तिथे नसतं.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. बँकेतून निघालेली रक्कम वेळेत कळवली तर पुढच्या खात्यात गोठवता येते, क्रिप्टो होऊन खासगी वॉलेटमध्ये गेली की हात पोचणं फार अवघड. आणि आठवडाभरात एखादा गोड आवाज फोन करील : तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी आधी भरा. तोही त्याच टोळीतला असू शकतो; तुमचा नंबर त्याच्याकडे आधीपासूनच असतो.