विश्लेषण : कार्यालयात काय घालावे, हे ठरवणार कोण?

वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा, असा वेश करोनाकाळात संगणकाच्या कॅमेऱ्यापुढे अनेकांनी महिनोन्महिने निभावून नेला. टाळेबंदी उठून कार्यालये भरू लागली, तशी पेहरावाची परिपत्रकेही परतली. सरकारी कचेरीपासून माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपर्यंत ‘नीटनेटके या’ असे सांगणारे आदेश निघाले. असे आदेश काढण्याचा अधिकार येतो कुठून, तो कुठे संपतो आणि ते मोडल्यास पगार कापता येतो का?

मंत्रालयातील जीन्सचे प्रकरण काय होते?

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी मंत्रालय व सर्व शासकीय कार्यालयांसाठी पेहरावाच्या सूचना जारी केल्या. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, अथवा ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट घालावा, पुरुषांनी शर्ट-पँट. जीन्स आणि टी-शर्टला मनाई. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीकाम असलेले कपडे नकोत. महिलांनी चप्पल, सँडल किंवा बूट वापरावेत, पुरुषांनी बूट किंवा सँडल. स्लीपर कोणीच घालू नये. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. कर्मचारी, विशेषतः कंत्राटी कर्मचारी व सल्लागार, अनुरूप पेहराव करत नसल्याने जनमानसात शासनाची प्रतिमा मलिन होते, असे कारण त्यात दिले होते.

पुढच्या वर्षी जीन्सवरील बंदी मागे घेण्यात आली, टी-शर्टवरील कायम राहिली. म्हणजे जी विजार २०२० मध्ये शासनाची प्रतिमा मलिन करत होती, ती २०२१ मध्ये करेनाशी झाली. यात हसण्याजोगे काही असेल, पण मुद्दा गंभीर आहे. अशा आदेशांत कापडाचे नाव स्पष्ट लिहिता येते. ‘गडद’, ‘चित्रविचित्र’, ‘अनुरूप’ या शब्दांचा अर्थ मात्र प्रत्येक कार्यालयप्रमुख आपापला लावतो. साडीला परवानगी आणि गडद रंगाला मनाई, तर इरकल नेसलेल्या लिपिक बाईंनी काय करायचे? पैठणीचे तर बहुतेक रंग गडदच.

मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी याच वळणाचा निर्णय काढला. जीन्स, टी-शर्ट, भडक नक्षीचे कपडे नकोत आणि पुरुष शिक्षकांचा शर्ट खोचलेला असावा, असे त्यात होते.

सरकारला हा अधिकार मिळतो कुठून?

शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. सचोटी, कर्तव्यपरायणता आणि सरकारी सेवकाला अशोभनीय ठरेल असे काही न करणे, ही त्यातील मूळ अपेक्षा. पेहरावाची परिपत्रके या ‘अशोभनीय’च्या आधारावर उभी असतात. कार्यालयाची शिस्त राखण्यासाठी वरिष्ठ सूचना देऊ शकतात आणि त्या वारंवार डावलल्यास शिस्तभंगाची कारवाई संभवते. पण सरकार हे मालक असले तरी ते राज्यघटनेने बांधलेले मालक आहे. त्याचा नियम मनमानी किंवा भेदभाव करणारा असेल, तर समानतेच्या अनुच्छेद १४ ते १६ च्या कसोटीवर त्याला न्यायालयात आव्हान देता येते.

केंद्रातही हेच दिसते. राज्याचे पोलीस महासंचालक राहिलेले सुबोधकुमार जयस्वाल २०२१ मध्ये सीबीआयचे संचालक झाले आणि काही दिवसांतच तेथे जीन्स, टी-शर्ट, स्पोर्ट्स शूज यांना मनाई झाली. पुरुषांनी दाढी करून यावे, असेही सांगण्यात आले.

खासगी कंपनी पगार कापू शकते का?

येथे आधार कराराचा असतो. नेमणूकपत्रात ‘कंपनीची धोरणे मला मान्य आहेत’ असे एक वाक्य असते. बहुतेक जण ते न वाचताच सही करतात आणि पेहरावाचे धोरण त्याच वाक्याच्या दारातून आत येते. कंपन्यांची धोरणेही वाऱ्याबरोबर बदलतात. इन्फोसिसने २०१५ मध्ये औपचारिक कपड्यांची सक्ती सैल केली. टीसीएसने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावताना पेहरावाच्या संहितेची आठवण करून दिली.

धोरण असणे वेगळे आणि त्यासाठी दंड करणे वेगळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत याबाबत नेमके नियम आहेत. आधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही ते बहुतांशी होते. कोणत्या कृतीसाठी दंड होईल, याची यादी मालकाने सरकारची किंवा नेमलेल्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन जाहीर केलेली असली पाहिजे. दंडापूर्वी कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. एका वेतनकाळातील एकूण दंड त्या काळातील वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. म्हणजे महिना १५ हजार रुपये पगार असेल तर सगळे दंड मिळून कमाल ४५० रुपये. दंडाची रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, ती कर्मचाऱ्यांच्या हिताच्या कामांसाठीच वापरायची असते. ‘टाय नाही, २०० रुपये, बूट पॉलिश नाही, १०० रुपये’ असा तक्ता पर्यवेक्षकाने परस्पर भिंतीवर लावला असेल, तर त्याला या कायद्याचा आधार नाही.

याचा फटका कोणाला बसतो, हेही पाहिले पाहिजे. वातानुकूलित केबिनमध्ये बसणाऱ्या व्यवस्थापकाला टायचा दंड होत नाही. तो होतो मॉलमधील विक्रेत्याला, इमारतीच्या दारावरील सुरक्षारक्षकाला, एजन्सीमार्फत स्वागतकक्षात बसवलेल्या मुलीला. त्यांच्याकडून गणवेशाचे, बुटांचे पैसेही पहिल्या पगारातून वळते करून घेतले जातात. वेतनातून कोणकोणत्या कारणांसाठी कपात करता येते, त्याची यादी संहितेत दिलेली आहे. तीत गणवेशाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे असे पैसे कापले गेले, तर कोणत्या तरतुदीखाली कापले हे विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही. अर्थात तीन महिन्यांच्या कंत्राटावर असलेला माणूस ते विचारत नाही, हे एजन्सीला पक्के ठाऊक असते.

महिलांसाठीच नियम अधिक का?

कोणतीही संहिता उघडून पाहा. पुरुषांचा परिच्छेद दोन ओळींत संपतो. महिलांच्या परिच्छेदात गळा, बाही, ओढणी, टाच, लिपस्टिक, केस असे सगळे येते. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमधील एका वित्तीय सल्लागार कंपनीत स्वागतिका म्हणून रुजू झालेल्या निकोला थॉर्प यांना उंच टाचांचे बूट नसल्याने पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवले गेले. त्यांच्या याचिकेवर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या, ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी चौकशी केली आणि २०१८ मध्ये सरकारने पेहरावसंहिता व लिंगभेद यांवर मार्गदर्शिका काढली. जपानमध्ये युमी इशिकावा यांनी २०१९ मध्ये टाचांच्या सक्तीविरुद्ध मोहीम उघडली; पुढच्या वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरील ती सक्ती काढली.

आपल्याकडे टाचांपेक्षा ओढणीचा वाद मोठा. नियम काय आहे यापेक्षा तो कोण, कसा तपासतो यावर बरेच अवलंबून असते. दारात उभे राहून सर्वांसमक्ष ‘आज काय विशेष?’ असे विचारणारा वरिष्ठ आपण शिस्त लावतो आहोत असे समजत असेल. पण शरीरावरून किंवा कपड्यांवरून केलेली लैंगिक अर्थाची शेरेबाजी ही २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार छळात मोडते. पेहरावसंहिता ही त्यापासूनची ढाल होऊ शकत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे.

‘पुरुषांनी हे, महिलांनी ते’ या मांडणीत पारलिंगी कर्मचाऱ्याची जागा कोणती, हाही प्रश्न आहेच. पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये नाल्सा खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली असून ती खासगी आस्थापनांनाही लागू आहे.

दाढी, केस आणि धर्माचे काय?

हवाई दलातील एका कर्मचाऱ्याने धार्मिक कारणासाठी दाढी राखण्याची मागितलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नाकारली. गणवेशातील एकसारखेपणा आणि शिस्त हे त्यामागील कारण. हा निकाल सशस्त्र दलापुरता वाचायला हवा. विमा कार्यालयातील लिपिकाला तोच न्याय लावणे ताणल्यासारखे होईल. दाढी ही जोखीम ठरेल असे काम, उदाहरणार्थ वायुरोधक मुखवटा घालण्याचे, आणि दाढी केवळ साहेबांना आवडत नाही असे काम, यांत फरक केला पाहिजे.

उकाड्याचा विचार होतो का?

फारसा नाही, आणि ते आश्चर्य आहे. पेहरावाबाबत वकिली हा देशातील सर्वात कडक व्यवसाय. तरीही सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. जपान सरकारने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढून उन्हाळ्यात टाय-कोट सोडायला सांगितले, म्हणजे वातानुकूलन यंत्रे कमी चालवता येतील. मे महिन्यात विरारहून चर्चगेटला लटकत येणाऱ्या माणसाला बंद गळा, टाय आणि बूट यांचा हुकूम देणाऱ्यांनी एकदा ती लोकल पकडून पाहायला हरकत नाही.

कमी शब्दांत नियम करता येतो का?

जनरल मोटर्स या अमेरिकी वाहन कंपनीच्या आजच्या प्रमुख मेरी बारा २००९ मध्ये तेथील मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या. पेहरावाचे दहा पानी धोरण त्यांनी ‘योग्य पेहराव करा’ एवढ्यावर आणले. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तक्रार केली, की आमच्या विभागाला कधी कधी सरकारी अधिकाऱ्यांना भेटावे लागते आणि आमची माणसे जीन्समध्ये असतात. नियम सविस्तर हवा. बारा यांनी त्याला आपल्या माणसांशी बोलायला सांगितले. तो बोलला. अशा भेटींना चारच जण जात. त्या चौघांनी एकेक चांगली पँट कार्यालयातील कपाटात ठेवून द्यायची, असे ठरले.