तोच डोसा, सकाळी आणि रात्री

म्हैसूरच्या नजरबाद भागात मैलारीच्या हॉटेलात सकाळी बसायला जागा मिळणं अवघड. केळीच्या पानावर मऊ, जाळीदार डोसा येतो, त्यात सागू, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला खोबऱ्याची चटणी. एका डोशावर सहसा कुणी थांबत नाही. आता हाच डोसा, एवढंच लोणी, त्याच माणसानं रात्री दहाला खाल्लं तर? पीठ तेच, उष्मांकही तेवढेच, तरी रक्तातली साखर रात्री जास्त चढते. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सकाळी आठला आणि रात्री आठला अगदी सारखं जेवण दिलं होतं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर सरासरी १७ टक्के अधिक भरली.

याचं कारण शरीरातल्या घड्याळांत आहे. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींच्या पुंजक्यात असतं आणि ते उजेडावर चालतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांनाही आपापली घड्याळं आहेत. पेशीतली काही जनुकं ठरावीक प्रथिनं तयार करतात, ती साचली की त्याच जनुकांना थांबवतात, ती विरली की पुन्हा काम सुरू होतं, आणि हा फेरा साधारण २४ तासांचा असतो. ही यंत्रणा माशीत उलगडून दाखवणाऱ्या तिघा अमेरिकनांना २०१७ चं नोबेल मिळालं.

मेंदूचं घड्याळ सूर्याकडे पाहतं, यकृताचं घड्याळ मात्र ताटाकडे. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे उंदरांवर दाखवलं. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्याला फक्त दिवसा खायला दिलं, तर काही दिवसांत यकृताचं घड्याळ पार उलटं होतं आणि मेंदूचं मात्र जागचं हलत नाही. माणसाबद्दलचा पुरावा इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातून २०१७ मध्ये आला. दहा निरोगी पुरुषांची तिन्ही जेवणं पाच तास पुढे ढकलली. झोपेशी निगडित मेलाटोनिनची वेळ बदलली नाही, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचीही नाही, म्हणजे मेंदूचं घड्याळ जागीच राहिलं. पण रक्तातल्या साखरेची रोजची लय साडेपाच तासांहून जास्त सरकली आणि चरबीतलं घड्याळ सुमारे तासभर मागे पडलं. एकाच शरीरात दोन वेळा चालू झाल्या.

रात्री उशिरा जेवणाऱ्याचं नेमकं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी तास-दोन तास रक्तात मेलाटोनिन वाढू लागतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर त्याचे ग्राही (रिसेप्टर) आहेत. मेलाटोनिन त्यांवर बसलं की इन्सुलिन सोडण्याचं काम मंदावतं. शरीर रात्रीच्या उपासाची तयारी करत असतं आणि नेमक्या त्याच वेळी भात-सांबार पोटात येऊन पडतं.

या सगळ्याशी म्हैसूरचं आणखी एक नातं आहे. इथल्या होल्ड्सवर्थ मिशन हॉस्पिटलात १९३४ पासून जन्मलेल्या बाळांच्या वजनाच्या आणि लांबीच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या बाळांना मोठेपणी शोधून तपासलं, तेव्हा जन्मतः बुटकी आणि गुटगुटीत असलेली, वजनदार आयांची मुलं मधुमेहाकडे जास्त झुकलेली आढळली. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यांतली बाळं मोजली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. तरी त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. वरून हडकुळं, आत चरबी असं शरीर आपण जन्मापासून घेऊन येतो आणि इन्सुलिनवरचा ताण तिथूनच सुरू होतो. म्हणून मला वाटतं, जेवणाच्या वेळेचा प्रश्न आपल्याला युरोपीय माणसापेक्षा अधिक जिव्हाळ्याचा असायला हवा. आपण मात्र काय खावं यावर तासन्‌तास बोलतो आणि किती वाजता खावं हे मालिका संपण्यावर सोडतो.

वेळ पाळली म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. उंदरांना चरबीयुक्त खाणं फक्त आठ तासांत दिलं तर ते लठ्ठ होत नाहीत, हे ओडिशात जन्मलेल्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटानं २०१२ साली दाखवलं आणि जगभर उत्साह पसरला. पण चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. उष्मांक दोन्ही गटांत कमी केले होते. सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा फारसं जास्त उतरलं नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत जेवायचं हा हिशोब घरोघरी पोचला. त्यात भर किती वेळा खावं यावर आहे. दुसरं जेवण सातला की साडेदहाला, हा प्रश्न माझ्या मते तितकाच मोलाचा आहे.

म्हैसूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. तिथले काय नि आपल्या सांगली-कोल्हापूरचे काय, व्रत पाळणारे जैन सूर्यास्ताआधी जेवून घेतात. त्यामागे अहिंसा आहे, साखरेचा हिशोब नाही. पण म्हैसूरकडचा सूर्य डिसेंबरात सहाच्या आसपास मावळतो आणि जूनमध्ये पावणेसातच्या, त्यामुळे जेवण आणि झोप यांत वर्षभर आपोआप तीन-चार तास मिळतात.

हे सुख रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, परिचारिकेला, कॉल सेंटरवाल्याला नाही. त्यांच्यासाठी २०२१ चा बोस्टनचाच प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. पाळी बदलून घेणं हातात नसतं, डबा कधी उघडायचा हे थोडंफार असतं. पाळीवर जाण्याआधी पोटभर जेवावं, मध्यरात्रीनंतर जमेल तितकं पाण्यावर भागवावं आणि पुढचं खाणं उजाडल्यावर करावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नये. औषध तसंच ठेवून जेवण चुकलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.